लाइट तीस्को, भाऊ!

सिरोंच्यात इंग्रजी येणारी माणसं मोजकीच. पण इंग्रजी न बोलणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. बाजारात मिरची विकणाऱ्या अव्वापासून संगमावर पूजा सांगणाऱ्या पंतुलुंपर्यंत प्रत्येक जण दिवसभर मूठमूठ इंग्रजी शब्द उधळत असतो. उद्या एखादा अस्सल इंग्रज एस्टीतून उतरून चहाच्या टपरीवर कान देऊन बसला, तर त्यातला एकही शब्द आपल्या घरचा आहे हे त्याच्या लक्षात यायचं नाही.

ज्यांनी सिरोंचा फक्त नकाशात पाहिलंय, त्यांच्यासाठी जरा भूगोल. गावाला खेटून प्राणहिता. थोडं पुढे ती गोदावरीत शिरते; पलीकडच्या काठावर तेलंगणातलं कालेश्वरम. आणखी खाली सोमनूरजवळ इंद्रावती येऊन मिळते, तिच्यापलीकडे छत्तीसगड. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली दोनशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि झिंगानूरच्या अंगाला गेलात की माडिया. नागपुरी 'काहून बे' आणि तेलंगणी 'एंदिरा' इथे एकाच बाकावर बसून चहा पितात. शेंबडं पोरगंही तीन भाषा बोलतं. तरीही कुठे अडलंच, तर तोडगा ठरलेला: मध्ये एक इंग्रजी शब्द टाकायचा आणि पुढे जायचं. इंग्रजी कुणाचीच नाही, म्हणून तिच्यावरून भांडण नाही.

हा शब्द प्राणहितेच्या पलीकडून आला असेल, तर त्याला शेवटी उकार लागलेला असतो. बस्सु, कारु, रोड्डु, टिकेट्टु, पेन्नु. मास्तर म्हणजे 'सारु'. शब्द व्यंजनावर तोडून सोडून देणं तेलुगू जिभेला प्रशस्त वाटत नाही. आपल्याला याचं हसू येतं, पण फिनलंडची माणसंही याच पंथातली. ती बसला 'बुस्सी' म्हणतात आणि हॉटेलला 'होटेल्ली'. मधल्या अक्षराला जोड आणि शेवटी स्वर, अगदी आमच्यासारखंच. हेलसिंकीचा एखादा गृहस्थ कालेश्वरमच्या स्टँडवर उतरला तर त्याला फक्त 'ई'चा 'उ' करून घ्यावा लागेल. बाकी त्रास उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की फिनलंडचा माणूस कुठलाही स्वर काढील.

मराठीचं दुखणं वेगळं. आपल्याला पाहुण्या शब्दाचं आधी लिंग ठरवावं लागतं: बस ती, ट्रक तो, तिकीट ते. हे दुखणं युरोपातही आहे. ईमेल जर्मनीत स्त्रीलिंगी आणि शेजारच्या ऑस्ट्रियात बऱ्याच जणांच्या तोंडी नपुंसकलिंगी. 'जॉब' फ्रान्समध्ये पुल्लिंगी, तर क्युबेकच्या फ्रेंचांत बाई. २०२० साली सगळं जग नाकाला फडकं बांधून बसलेलं असताना फ्रेंच अकादमीने कोविड हा शब्द स्त्रीलिंगी असल्याचा निर्वाळा दिला. तोवर निम्मा फ्रान्स त्याला पुरुष समजून घाबरत होता. सिरोंच्यात अकादमी नाही. तेलुगूत एकवचनी बाई आणि वस्तू यांचं क्रियापद एकच असतं, त्यामुळे आमच्याकडे बस आला, ट्रक आली आणि मोबाईल हरवली. मराठीची तिन्ही लिंगं इथे आळीपाळीने ड्युटीवर असतात.

वचनाचंही तेच. पोलंडवाले इंग्रजी 'चिप्स'ला आणखी एक पोलिश अनेकवचन लावून 'चिप्सी' करतात. आतमध्ये एक अनेकवचन आधीच बसलंय हे त्यांच्या गावीही नसतं. आपण उलट अनेकवचनाचं एकवचन करतो. 'ओ भाऊ, त्या एका लेडीजला सीट द्या' हे वाक्य सिरोंचा-आलापल्ली गाडीत रोज ऐकू येतं, आणि भाऊ सीट देतोही.

पण उच्चार, लिंग, वचन ही किरकोळ प्रकरणं. शब्द कळला नाही तर माणूस निदान विचारतो. शब्द कळलाय असं दोघांनाही वाटलं, की मग खरी पंचाईत.

नागपूरकडून बदलून आलेल्या एका साहेबांसमोर एक ठेकेदार हात जोडून उभा.

"सारु, ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला हँड दिला."

साहेब प्रसन्न. "वा! आजकाल कोण कुणाला हात देतो हो?"

"पूर्ण हँड दिला, सारु. मागच्या महिन्यात पण दिला होता."

"अहो, मग अशा माणसाचा पंधरा ऑगस्टला सत्कार करू ना!"

ठेकेदार साहेबांकडे बघतच राहिला. तेलुगूत 'हँड इच्चिंडु' म्हणजे ऐन वेळी दगा दिला. मराठीत हात देणं म्हणजे बुडत्याला वर काढणं. मधला 'हँड' दोघांनाही येत होता, तेवढंच नडलं. जर्मनांनी याच हँडपासून 'हँडी' केला आणि तो मोबाईलला चिकटवला. लंडनच्या दुकानात जर्मन माणूस 'हँडी' मागतो आणि दुकानदार विचारात पडतो, की याला सोयीची अशी नेमकी कोणती वस्तू हवी आहे. तेव्हा जर्मनाच्या खिशात हँडी, तेलुगूच्या नशिबी हँड, आणि मराठी माणूस दोन्ही हात जोडून मोकळा.

'लाइट'ची कथा याहून हृद्य. वादळ झालं की झाडं तारांवर पडतात आणि दोन-दोन दिवस वीज नसते. शाळेवर नव्याने आलेल्या मॅडम ओसरीवर येऊन कुरकुरतात, "शी! परत लाइट गेली." समोरचा पोट्टा दिलासा देतो, "लाइट तीस्को, मॅडम!" म्हणजे लाइट घ्या. मॅडम रडकुंडीला येऊन विचारतात, "अरे, पण कुठून घेऊ?" पोट्टा म्हणत असतो, हलकं घ्या, मनाला लावून घेऊ नका. मॅडम आणखी वैतागल्या की तो पुढचा दिलासा देतो: "फील काकु." वाईट वाटून घेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ, पण मॅडमचं वय एकोणतीस, लग्न ठरायचंय, आणि विजेपेक्षा काकूचा राग मोठा.

लाइट झाली, आता लाइन. आपण लाइन मारतो. मराठीची ही जुनी खोड: किक मारणे, मिस कॉल मारणे, बंक मारणे, सही मारणे. बाहेरच्याला वाटावं की इथे दिवसभर हाणामारी चालते. तेलुगूत लाइन मारत नाहीत, टाकतात: 'लाइन वेस्तुंडु'. मुलगा मुलीच्या घरावरून सायकलच्या चकरा घालतो, तेव्हा तो लाइन टाकत असतो. आता खांबावर तारा ओढणारा एखादा भोळा लाइनमन वस्तीत दारोदार 'ताई, लाइन टाकायला आलोय' असं सांगत फिरला, तर त्याला चहा मिळेल की चप्पल, हे त्या घराच्या मातृभाषेवर अवलंबून.

याच चालीवर 'बिल्डप' म्हणजे फुकटचा रुबाब आणि 'ओव्हर अ‍ॅक्शन' म्हणजे लायकीपेक्षा जास्त हातवारे. हे दोन शब्द तेलुगूतून इथल्या मराठीत इतके मुरलेत, की ते मुळात इंग्रजीचे असं सांगितलं तर पोरं म्हणतात, 'जास्त बिल्डप नको देऊ बे.'

सोवळ्या-ओवळ्याचा प्रकार तर फारच मजेचा. जर्मन लोक इंग्रजीतला घाणेरडा शब्द घेतात आणि धुऊन वापरतात. सोशल मीडियावर लोक एखाद्याच्या अंगावर तुटून पडले की जर्मनीत त्याला 'शिटस्टॉर्म' म्हणतात. २०१३ साली तो डूडेन या त्यांच्या प्रतिष्ठित शब्दकोशात दाखल झाला, बातम्यांत गंभीर चेहऱ्याने उच्चारला जातो, आणि २०१८ साली चान्सलर अँगेला मर्केल यांनी तो भर परिषदेत वापरला. मराठीत याचं भाषांतर करू नये. जेवणाची वेळ असू शकते. आपला खाक्या उलटा: इंग्रजीतला धुतला तांदूळ घ्यायचा आणि नासवायचा. 'आयटम', 'सेटिंग', 'सप्लाय' यांची इंग्रजीत अब्रू शाबूत आहे, आपल्याकडे नाही. तेलुगूत 'सेटप' म्हणजे बायकोला न सांगता मांडलेलं दुसरं बिऱ्हाड. इकडे टीव्हीच्या डब्याला सगळा देश सेटअप बॉक्स म्हणतो. डिशवाला दारात उभा राहून खणखणीत आवाजात विचारतो, "अम्मा, सारुंचा सेटप कुठे ठेवायचा?" त्यानंतर त्या घरातल्या सारुंचा चेहरा बघावा.

'स्टेपनी'ची गत तीच. तिचा चावट अर्थही दोन्ही भाषांत सारखाच. पण तिची खानदानी हकिकत ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेथली गावच्या डेव्हिस बंधूंनी जादा चाकाची युक्ती काढली. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाक 'स्टेपनी'. पुढे इंग्रज ते नाव साफ विसरले. आज त्यांच्या लेखी स्टेपनी म्हणजे लंडनच्या पूर्वेचा एक भाग. पण माल्टात अजून स्टेपनीच म्हणतात, ब्राझीलमध्ये तिची 'एस्तेपी' झाली, आणि सिरोंच्याच्या पंक्चरच्या दुकानात तर तिचा रोज उद्धार होतो.

भर दुपार. पलीकडून आलेला मिरचीचा ट्रक एका अंगाला कललेला. दुकानातला पोरगा टायरखाली वाकून बघतो आणि ड्रायव्हरला विचारतो, "अन्ना, स्टेपनी उंदा?"

"उंदि. गानी अदि गूडा पंक्चरु."

बाकावर बसलेले चंद्रपूरचे पाहुणे मला कोपराने ढोसतात. "काय म्हणते बे तो?"

"स्टेपनी हाय, पण ते बी पंचर हाय म्हणते."

"मंग ट्यूब टाक म्हणा ना!"

पोरगा मान डोलावतो. त्याला मराठी सांगायची गरजच पडली नाही, 'ट्यूब' पोचली. चौघांच्या त्या संभाषणात कामाचे शब्द तीन, आणि तिन्ही समुद्रापलीकडचे. बाकीची भाषा नुसती घाम पुसायला.

फ्रेंचांना इंग्रजी शब्दांपेक्षा इंग्रजी 'इंग'चा सोस जास्त. कपडे इस्त्रीला देण्याचं दुकान 'प्रेसिंग', केस फुगवून घेणं 'ब्रशिंग', कायापालट 'रिलुकिंग', आणि मेजवानीचा काळा कोट 'स्मोकिंग'. त्या कोटाखाली धूर निघत नाही. आपल्याकडे शर्टिंग, कटिंग, सेंटरिंग असा गोतावळा आहेच, पण सिरोंच्यात राज्य एकाच इंगचं, 'फिल्डिंग'चं. इथली बदली म्हणजे शिक्षा अशी सरकारी नोकरांची जुनी समजूत. त्यामुळे माणूस रुजू व्हायला येतो तोच मुळी बॅग न उघडता, आणि संध्याकाळपासून गडचिरोली, नागपूर, मुंबई अशी फिल्डिंग लावायला बसतो. क्रिकेटमध्ये फिल्डिंग लावतात ती चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून. इथे ती लावतात बाहेर जाता यावं म्हणून. हा भेद एखाद्या इंग्रजाला समजावून सांगायला निदान दोन डाव लागतील.

तसे खरे इंग्रजही इथे नांदून गेले. १८६० साली अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा निघाला आणि सिरोंचा त्याचं मुख्यालय झालं. इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटन यांचं स्वप्न असं, की गोदावरीतून आगबोटी चालवायच्या आणि वर्ध्याकडचा कापूस थेट समुद्रावर न्यायचा. नदीतल्या खडकांना हे स्वप्न मानवलं नाही. १८७१ साली योजना गुंडाळली, १८७४ मध्ये जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं. आगबोटींचा मार्ग झाला नाही, रेल्वे आजतागायत आलेली नाही. राहिलं एक आडनाव. ग्लासफर्ड नावाचे डेप्युटी कमिशनर होते, त्यांच्या नावाचं गाव सिरोंचा तालुक्यात आजही आहे: ग्लासफोर्डपेठा. अर्धं गाव साहेबाचं, अर्धं तेलुगू 'पेट'चं, आणि शेवटचा 'ठा' मराठी दफ्तराने मारलेला शिक्का.

देवघेव एकतर्फी नव्हती, हेही सांगायला हवं. इंग्रजीला मुंगूस आपण दिला. मराठी मुंगुसाचाच त्यांनी 'मंगूस' केला. तेलुगूने 'पंदिकोक्कु' दिला, म्हणजे डुक्कर-उंदीर. त्याचा इंग्रजीत 'बँडीकूट' झाला आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका निराळ्याच प्राण्याला ते नाव चिकटलं. पंदिकोक्कु म्हणजे आपली घूस. तेव्हा तेलुगूने इंग्रजांना घूस दिली हे ऐतिहासिक सत्य आहे, आणि हिंदीभाषक वाचकांनी त्यावरून भलते अर्थ काढू नयेत. मोबदल्यात त्यांनी आपल्याला काय दिलं? संगणकाचा माऊस.

या बाबतीत तालुक्याचा सर्वांत जुना रहिवासीही शुद्ध नावाचा नाही. इथल्या पोचमपल्लीच्या परिसरात एका अवाढव्य डायनोसोरची हाडं निघाली. ती खणली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी. आकडेमोडीची संस्था हाडं का मोजत होती, हे सरकारी कामकाज ठाऊक असणाऱ्यांना विचारावंसंही वाटणार नाही. १९७५ साली त्याचं बारसं झालं: बारापासॉरस टागोराय. 'बडा पा' म्हणजे मोठा पाय हे बंगालीच्या वळणाने, पाल ग्रीक, आडनाव रवींद्रनाथांचं आणि शेवटचा प्रत्यय लॅटिन. सिरोंच्यात जन्मलेल्याचं नाव याहून वेगळं काय असणार?

हंगेरीत जीन्सच्या पँटला 'फार्मर' म्हणतात. हे कळल्यापासून मला सेतू केंद्रासमोरची 'फार्मर आयडी'ची रांग वेगळीच दिसू लागली आहे. बुडापेस्टहून कुणी आलाच, तर घरी जाऊन सांगेल की महाराष्ट्र सरकारने विजारींना ओळखपत्र दिलं, आणि त्यासाठी धोतरवाले रांगेत उभे होते. नॉर्वेत गोंधळ माजला की लोक म्हणतात, 'अगदी टेक्सास झालंय!' रांगेत सर्व्हर डाऊन झाल्यावर जे होतं, त्याला मला तरी दुसरा शब्द सुचत नाही.

पण सगळ्यांवर ताण केली आहे ती जंगलाने. इथे निम्म्या गावाचं पोट जंगलावर, आणि जंगलातला महत्त्वाचा शब्द 'कूप'. वर्षाला जो जंगलाचा तुकडा तोडायचा, तो कूप. कूप मार्क होतो, कूप कटाई होते, 'कुठे चालला बे?' म्हटलं की 'कूपात' असं उत्तर येतं. संस्कृतचे एक गुरुजी बदलून आले तेव्हा त्यांची झोप उडाली होती. कूप म्हणजे विहीर. ती कापतात कशी, आणि कापून ट्रकात भरतात कशी? त्यांना वाटलं, जंगलची माणसं काव्यात बोलतात.

गुरुजींना कुणी सांगितलं नाही, की हा कूप फ्रेंच. 'कूप' म्हणजे काप. इंग्रज सरकारला जंगल हवं होतं, पण जंगलाची विद्या त्यांच्याकडे नव्हती. म्हणून १८६४ साली डीट्रिख ब्रांडिस हा जर्मन माणूस हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला महानिरीक्षक झाला, आणि नवे अधिकारी शिकायला फ्रान्समधल्या नान्सीच्या वनविद्यालयात व जर्मनीत धाडले जाऊ लागले. फ्रान्सशी जुळलेल्या या धाग्यातून 'कूप' वनखात्यात आला आणि सागाच्या रोपासारखा इथल्या मातीत लागला. त्याच्या जोडीचा 'डेपो'ही मूळचा फ्रेंचच. जर्मन साहेब, फ्रेंच शब्द, इंग्रज सरकार, तेलुगू मुकादम, माडिया मजूर आणि मराठी पावती, एवढं सगळं लागतं तेव्हा इथे एक सागवान पडतं. मराठी पावतीची काळजी घ्यायला १९६० पासून आपलं भाषा संचालनालय आहे. त्यामुळे दारावरच्या पाटीवर वनपरिक्षेत्र अधिकारी असतात आणि आत रेंजर बसतात. कागदावर वाहतूक परवाना असतो आणि खिशात टीपी.

पॅरिसात मात्र इंग्रजीच्या नावाने बोटं मोडणं चालूच आहे. १९९४ साली तूबाँ कायदा करून त्यांनी जाहिरातींत आणि करारांत फ्रेंच सक्तीची केली, २००३ साली ईमेलला 'कुरियेल' हा सरकारी शब्द काढला, आणि २०२२ मध्ये खेळ दाखवणाऱ्या 'स्ट्रीमर'साठी तीन-चार शब्दांचं लांबलचक बिरुद काढलं. इतका कळवळा आहे, तर त्यांनी आधी आपले कूप आणि डेपो सिरोंच्यातून सोडवून न्यावेत. आमची काही हरकत नाही. पण माल जंगलातून निघणार, म्हणजे टीपी लागणार. टीपीवर रेंजर साहेबांची सही लागणार. आणि साहेब सकाळच्याच गाडीने मीटिंगला गडचिरोलीला गेलेत, ते परवाशिवाय येत नाहीत. तोवर अकादमीच्या सभासदांनी नाक्यावरच्या बाकावर बसावं, चहा घ्यावा, आणि कुणी काही म्हणालंच तर लाइट घ्यावं.